लहान मुलांना कॉम्प्युटर शिकवायला सुरुवात करताय? मग हे वाचा

पहिल्याच तासाला सीपीयू, मॉनिटरच्या व्याख्या पाठ करून घेऊ नका, प्लीज. माऊस हातात द्या, पेंटमध्ये चित्र काढू द्या, क्लिक-ड्रॅग आपोआप जमतं आणि मग सेव्ह केलेली फाईल परत शोधायला लावा, खरी गोची तिथेच होते. दोघांत एक मशीन असेल तर थोड्या थोड्या वेळाने जागा बदलायला लावा, नाहीतर एकच पोर चालवतं आणि दुसरं नुसतं बघत बसतं. कोडिंगला, म्हणजे कॉम्प्युटरला सूचना द्यायला शिकवायला, ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅच ज्युनिअर हे ठोकळे जोडून गोष्टी-खेळ बनवायचं ॲप, वाचता येत नसलं तरी चालतं, ८ च्या पुढे त्याचंच मोठं भावंड स्क्रॅच, दोन्ही फुकट आहेत.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ माहिती शोधण्यावर द्या. मुलं पहिलं जे दिसेल ते वहीत उतरवतात. विचारा त्यांना, हे कोणी लिहिलंय, कधी लिहिलंय, जाहिरात तर नाही ना? शहामृग किती वेगाने पळतो असला साधा प्रश्न द्या, उत्तर दोन-तीन ठिकाणी बघायला सांगा, आकडे वेगळे आले की मुलं स्वतःच विचारतात खरं कुठलं, तिथून पुढे शिकवा. आणि हो, पत्ता, फोन नंबर, पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही हे दर तासाला सांगायचंच, मुलं कंटाळली तरी.