प्लायची होडी कुजते कुठून?

प्रश्न: काका नमस्कार, मी गुहागरचा. घरामागे मोठी पडवी आहे, तिथे मरीन प्लाय आणि इपॉक्सीची (दोन भाग मिसळले की घट्ट होणारं रेझिन) 14 फुटी शिडाची होडी बांधायचं डोक्यात घेतलंय. दोघांनी किनाऱ्याकिनाऱ्याने हर्णैपर्यंत जाऊन यायचं, वाटेत मुक्काम करत. आजोबा म्हणतात प्लाय दोन पावसाळे काढणार नाही, समुद्राचं पाणी खाऊन टाकेल. दुकानदार म्हणतो मरीन आहे, काही होत नाही. खरं कोणाचं?

उत्तर: आजोबांचं अर्धं खरं आहे. पावसाळ्याचं बरोबर, समुद्राचं नाही. प्लाय कुजवते ती बुरशी, आणि तिला गोडं पाणी आवडतं, खाऱ्यात तिचं फारसं फावत नाही. म्हणजे होडी कुजते ती बहुतेक वेळा अंगणात, ताडपत्रीखाली, तळाशी साचलेल्या पावसाच्या पाण्याने. जूनमध्ये उपडी घाला, खाली दोन ओंडके, वर छप्पर आणि चारी बाजूंनी वारा खेळू दे, ताडपत्री घट्ट गुंडाळू नका.

दुकानदाराचं म्हणाल तर शीटवर आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघा, 303 म्हणजे किचन ट्रॉलीचा प्लाय. शिक्क्यावरही मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही, विताएवढा तुकडा कापून घ्यायचा, कडेला पोकळ्या दिसतात का बघायचं, मग जुन्या पातेल्यात तासन्‌तास उकळून वाळवायचा, परत उकळायचा, थर सुटले तर शीट परत.

आणि कडा! पाणी शिरतं ते कडेतून नाहीतर स्क्रूच्या भोकातून. माझ्या पहिल्या होडीत वल्ह्याच्या कडीचे चार स्क्रू मी तसेच पिळले होते, दुसऱ्या दिवाळीला पेंटवर फुगवटा दिसला म्हणून टाचणी लावली तर आत चहात बुडवलेली खारी. तेव्हापासून भोक मोठं पाडायचं, लाकडाची पूड घातलेल्या इपॉक्सीने भरायचं, सुकलं की त्यातच बारीक भोक पाडून स्क्रू. कडांना इपॉक्सीचे तीन हात.

जोडणीला घाबरू नका. 1963 साली ब्रिटनमध्ये डेली मिरर पेपरने मिरर नावाच्या होडीचं किट काढलं, 10 फूट 10 इंच, प्लायच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवायच्या आणि आतून सांध्यावर काचेच्या धाग्यांची पट्टी आणि रेझिन. सुतारकाम न येणाऱ्यांनीही बांधल्या, 70,000 च्या वर झाल्या म्हणतात. फक्त पावसाळ्यात इपॉक्सी लावू नका, दमट हवेत वर तेलकट साय येते, ती पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा हात धरत नाही.

आता हर्णै. सरळ मोजलं तर साधारण 20 सागरी मैल, पण जाताना उत्तरेला आणि दुपारचा खारा वारा वायव्येचा, म्हणजे नाकावर. पहाटे मतलई वाऱ्यावर, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यावर, निघा, तो आडवा मिळतो, आणि दुपार व्हायच्या आत दाभोळच्या खाडीत शिरा, तेही भरतीला, कारण ओहोटीचं पाणी बाहेर येताना समोरून वारा असला की खाडीच्या तोंडाशी लाट उभी राहते आणि 14 फुटी होडीला ती पुरेशी असते. बुडी फळी (होडी वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात उतरवतात ती) वर ओढता येणारीच ठेवा, ओहोटीला रेतीवर बसली तरी चालतं. परतीला तोच वायव्येचा वारा पाठीशी असतो. पाण्यात घालण्याआधी मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात जाऊन नोंदणीचं विचारून या.