वाचकांचे प्रश्न : खारी हवा, जुना रंग आणि स्प्रे कॅन

प्रश्न : आमचे घर गुहागरच्या किनाऱ्यालगत आहे. ओटीवरील वेलबुट्टीच्या जाळीचा जुना लोखंडी बाक आम्ही गेल्या दिवाळीपूर्वी घासून ऑईलपेंटने रंगवला. परंतु एकाच पावसाळ्यात त्यावर फोड आले आणि पापुद्रे सुटून गंज दिसू लागला. जाळीत ब्रश नीट पोचत नाही, म्हणून या वेळी स्प्रे कॅन वापरायचा विचार आहे. त्यासाठी जुना रंग पूर्ण काढावा लागेल काय? — एक वाचक, गुहागर

उत्तर : बहुधा नाही. लोखंडाला घट्ट धरून असलेला जुना रंग नव्या रंगाला चांगला आधार देतो. ब्लेडने बारीक चौकटी ओरखडून त्यावर चिकटपट्टी दाबावी आणि झटक्यात ओढावी. चौकटी जागेवर राहिल्या आणि पुढील उत्तरातल्या थिनरच्या फडक्याच्या चाचणीतही रंग टिकला, तर तो भाग तसाच ठेवावा, निघून आल्या तर तेथील रंग खरवडावा.

आपल्या वर्णनावरून दोष रंगापेक्षा त्याच्याखाली राहिलेल्या मिठाचा वाटतो. समुद्रावरून येणारे क्षार गंजाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि न धुता घासल्यास पॉलिश पेपर त्यांना पसरवून आणखी आत दाबतो. मग वरून कितीही चांगला रंग दिला, तरी हे क्षार त्याच्या थरातून झिरपणारी आर्द्रता ओढून घेतात आणि फोड उठतात. म्हणून सुटा रंग व गंज तारेच्या ब्रशने काढल्यावर बाक साबणाच्या आणि नंतर भरपूर गोड्या पाण्याने धुवावा, मग घासावा आणि पुन्हा धुवावा. आपल्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होत असेल, तर त्या पाण्याने धुण्यात अर्थ नाही. रॉकेलने पुसण्याची आपल्याकडे फार सवय आहे, पण त्याचा तेलकट अंश मागे राहतो. शेवटचा हात थिनरच्या स्वच्छ फडक्याचाच असावा.

गंजासाठी ८० ते १२० नंबरचा, तर शाबूत रंगाची चकाकी घालवण्यासाठी ३२० नंबरचा पेपर पुरतो. जुना रंग आणि उघडे लोखंड यांच्या सीमेवरून बोट फिरवले असता पायरी लागता कामा नये. बाक जुना असल्याने आणखी एक दक्षता आवश्यक आहे : घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले, त्यामुळे त्याआधीच्या थरांत शिसे असण्याची शक्यता धरून चालावे. जुना रंग कोरडा घासू नये, वॉटर पेपर ओला करून घासावा, मास्क लावावा, मुलांना दूर ठेवावे आणि निघालेला चुरा कागदावर गोळा करावा. तो परसातल्या मातीत मिसळू देऊ नये.

उघडे लोखंड त्याच दिवशी प्रायमरखाली गेले पाहिजे, कारण किनाऱ्यावर रात्रभरात त्यावर तांबूस झाक येते. धारदार कडांवर आणि वेल्डिंगच्या सांध्यांवर रंग पातळ बसतो व गंजाची सुरुवात तेथूनच होते. म्हणून तेवढ्या जागी प्रायमरचा एक जादा हात ब्रशने द्यावा. बाकाच्या पायांचे तळवे बहुतेक जण विसरतात.

हे काम पावसाळ्यात करूच नये. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना रंग देत नाहीत, आणि आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यासाठी सर्वांत सोयीचा असतो. त्यातही दंव वाळल्यानंतर आणि दुपारचे खारे वारे जोर धरण्यापूर्वीची वेळ गाठावी, नाहीतर अर्धा फवारा शेजाऱ्याच्या अंगणात जाईल आणि ओल्या रंगावर मीठ बसेल.

कॅन आतील गोळी वाजू लागल्यावरही मिनिटभर हलवावा, २५ ते ३० सेंटिमीटर अंतरावर धरावा, फवारा बाकाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा. एका जाड हातापेक्षा तीन-चार पातळ हात द्यावेत. जाळीत ओघळ लवकर येतात. फवाऱ्यातील वायू पेट घेणारा असल्याने जवळ चूल किंवा विडी नको. साधा मास्क रंगाचे कण अडवतो, थिनरची वाफ नव्हे, त्यामुळे काम उघड्यावरच करावे.

प्रश्न : सायकलच्या फ्रेमवरील जुन्या ऑईलपेंटवर स्प्रे मारताच सगळा पृष्ठभाग सुरकुतला. आता काय करावे? — एक वाचक, मालवण

उत्तर : स्प्रेमधील तीव्र थिनर जुन्या ऑईलपेंटमध्ये शिरले आणि तो थर फुगला. लगेच पुसायला जाऊ नये. काही दिवस पूर्ण कडक होऊ द्यावा आणि सुरकुत्या सपाट होईपर्यंत ओल्या पेपरने घासाव्यात. पुन्हा फवारण्यापूर्वी सीटखाली फ्रेमच्या नजरेआडच्या जागी थिनरचे फडके मिनिटभर दाबून पाहावे. जुना रंग मऊ पडला किंवा फडक्याला लागला, तर वरून प्रायमर देऊनही धोका राहतो. अशा वेळी फ्रेम लोखंडापर्यंत साफ करावी, अथवा स्प्रेचा नाद सोडून ब्रशने ऑईलपेंटच द्यावा.