कर्ज काढून शेळ्या घेऊ का?

प्रश्न: ताई, बचत गटातून २० हजार मिळून राह्यले, दोन शेळ्या घ्याचा इचार हाय, पण घरचे म्हणतात कर्ज म्हणजे गळ्याले फास. काय करू? (एक वाचक, दारव्हा)

उत्तर: घरच्यांची भीती खोटी नाही, आपल्या यवतमाळात कर्जानं काय केलं ते सगळ्यांनी पाह्यलंय. पण हे सावकाराचं नाही ना! बांगलादेशात गरिबांना छोटं कर्ज देणारी ग्रामीण बँक ज्यांनी काढली, त्या मुहम्मद युनूस सरांनी १९७६ मधे ४२ जणांना मिळून फक्त २७ डॉलर कर्ज दिलं होतं, सुरुवात तेवढ्याचीच. फक्त व्याज बघ, गटात महिन्याला २ टक्के असेल तर पहिल्याच महिन्यात ४०० रुपये, अन् शेळी काही लगेच पैसे देत नाही, गाभण घेतली तरी पिल्लू विकायला कितीक महिने जातात, तोवर हप्ता मजुरीतून निघते का ते आधी जुळव. शेळ्यांचा विमा काढ. अन् यातून भाचीच्या लग्नाचा आहेर नको करू बाई!