पाचवा रिपोर्ट कशाला?

“मॅडम, टेस्ट निगेटिव्ह आली, पण खरंच वाटंना.” मी समुपदेशक आहे, एचआयव्हीच्या टेस्टबद्दल हे मला वरचेवर ऐकायला मिळतं. बोलणारा बहुधा तरुण असतो आणि आपल्याला पुरुष आवडतात हे तो दोन-तीन भेटी झाल्यावरच सांगतो.

त्यातल्याच एकाची गोष्ट, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. मुलगा हिंगोलीकडचा, संभाजीनगरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात हॉल तिकीट आणि त्याच्यामागे खाजगी लॅबचे चार एचआयव्ही रिपोर्ट. चारही निगेटिव्ह. मेसचे पैसे त्यातच गेलेले. शेवटचा संबंध येऊन वर्ष उलटलं होतं, लागण असती तर एव्हाना टेस्टमध्ये दिसलीच असती, म्हणजे शंकेला जागाच नव्हती.

“सरकारी दवाखान्यात फुकट होते की तपासणी.”

“टीव्हीवर म्हणायलेत ना मॅडम, असल्यांवर आमच्या टॅक्सचा पैसा काहून घालायचा? म्हणलं, आपल्याच पैशानं करावं.”

“बरं, पाचवाही निगेटिव्ह आला तर?”

“दोन महिन्यांनी परत करीन.”

“आणि पॉझिटिव्ह आला तर?”

तो बराच वेळ फोल्डरचं बटण उघडत-लावत बसला. मग म्हणाला, “तर सुटलो. एकदाची शिक्षा झाली म्हणायचं.”

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीनं, म्हणजे त्रास देणाऱ्या भावनेमागचा चुकीचा विचार शोधून तो तपासत, काम करते. भीतीच्या मागे दडलेलं वाक्य समोरच्याच्या तोंडून येईपर्यंत मी घाई करत नाही, आणि ते आलं की अर्धं काम झालं, असा माझा अनुभव आहे. याचं वाक्य होतं, ‘मी असा आहे, म्हणून मला हे झालंच पाहिजे.’ त्याचा निकाल कुठली लॅब देणार?

“शिक्षा कुठल्या गुन्ह्याची?” मी विचारलं. सुप्रीम कोर्टानं 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध, ते गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून वगळले, हे त्याला तारखेसकट पाठ होतं. स्वतःला लावून पाहिलं नव्हतं एवढंच. “पॉलिटीच्या अभ्यासात आहे ते,” म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला.

अशा मुलांना मी स्पष्ट सांगते: विषाणू माणसाचा लैंगिक कल बघत नाही. कंडोमशिवाय गुदसंभोगात धोका जास्त, हे खरं. पण तो कृतीचा धोका आहे आणि तो टाळता येतो. कंडोमसोबत पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) वंगण वापरा, तेल नको, त्यानं कंडोम फाटतो. चूक झालीच तर 72 तासांच्या आत दवाखाना गाठा, 28 दिवसांच्या गोळ्या असतात. आधीपासून घ्यायची प्रतिबंधक गोळीही आहे, मात्र ती तपासणी करून, डॉक्टरांना विचारूनच.

आणि टॅक्सचं म्हणाल, तर उपचाराच्या गोळ्या सरकार 2004 पासून मोफत देतं. त्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू सापडेनासा झाला की शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. हा खर्च उपकार कसा? 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. शंका असेल तर 1097 या एड्स हेल्पलाइनला फोन करा, तोही फुकटच.

पाचवी टेस्ट त्यानं केली नाही. येतो मात्र अजून. घरच्यांनी एक स्थळ आणलंय, सध्या आमचं त्यावर चाललंय.