चित्रं काढणारी मुलगी अचानक थांबते तेव्हा

“मॅडम, पाचवीपर्यंत हिच्या हातातली पेन्सिल सुटत नव्हती. क्लास लावला, स्पर्धांना बसवलं. आता वही उघड म्हटलं की चिडते. हातातली कला अशीच वाया जाणार का?”

ठाण्याहून आलेल्या एका आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी आठवीत. आठवड्यातून तीन दिवस क्लास, त्यात एलिमेंटरी या सरकारी चित्रकला परीक्षेची तयारी. तिच्या वहीतल्या स्थिरचित्राचा कागद खोडून खोडून लवदार झाला होता, घड्याच्या काठाशी तर भोकच पडलं होतं. आळशी मुलाची वही अशी नसते.

वयाच्या साधारण नऊ-दहाव्या वर्षानंतर मुलांची नजर हाताच्या पुढे धावू लागते. घडा वाकडा आलाय हे दिसतं, पण सरळ काढता येत नाही. या टप्प्यावर अनेक मुलं चित्रं सोडतात. त्यात बक्षिसांची भर पडली की आणखी अवघड होतं. 1973 साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या चित्रवेड्या मुलांवर एक प्रयोग केला. ‘चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल’ असं ज्यांना आधी सांगितलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. न सांगता प्रमाणपत्र मिळालेल्यांचं तसं झालं नाही. ती मुलं तीन ते पाच वर्षांची होती, हे खरं. पण ‘इंटरमिजिएटला (एलिमेंटरीनंतरच्या परीक्षेला) ए ग्रेड आली की दहावीला 7 गुण’ हे वाक्य घरात रोज ऐकणाऱ्या मुलीकडे पाहिलं की हा प्रयोग हमखास आठवतो.

क्लास लगेच बंद करू नका, असं आईला सांगितलं. आधी एक रविवार मोकळा काढायचा. सामान थोडकं: हाताच्या पंजाएवढी कोरी वही, एक 4बी पेन्सिल, शार्पनर, पाणी, डबा. खोडरबर घरी. सीएसएमटीला उतरून रमतगमत काळा घोडा गाठायचा. जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही, त्यामुळे ‘पैसे वसूल’ करायची घाई होत नाही. तिथे सगळं प्रदर्शन पाहायचं नाही. मुलीने एक चित्र निवडायचं आणि त्याच्यासमोर दहा मिनिटं थांबायचं. बाहेर फुटपाथवर चित्रकार बसलेले असतात, त्यांचे हात कसे चालतात ते पाहायचं. जेवण झालं की जवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं एकच दालन. प्राणी-पक्ष्यांचं दालन यासाठी उत्तम, कारण तिथला वाघ हलत नाही! एकेका चित्राला पाच मिनिटं, मग पान उलटायचं. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी मारायची.

अशा दिवसाचा विचका बहुतेक वेळा मोठ्यांकडून होतो. एका दिवसात चार ठिकाणं उरकायची, मुलाच्या खांद्यावरून डोकावायचं, फोटो काढून लगेच कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचा. या आईनेही पहिल्या खेपेला फोटो टाकला, मावशीचं ‘वा, छोटी चित्रकार!’ आलं आणि वही दप्तरात गेली ती दिवसभर बाहेर आली नाही. दुसऱ्या खेपेला मोबाइल पर्समध्येच राहिला. आईनेही स्वतःची वही घेतली आणि अत्यंत वाईट गेंडा काढला. माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग त्या गेंड्याचा झाला.

‘छान’ हा शब्द तूर्त बाजूला ठेवायचा. त्याऐवजी विचारायचं, “सुरुवात कुठून केलीस?”, “ही सावली इथेच का गडद केलीस?” उत्तर आलं नाही तर गप्प बसायचं. मुलगी दिवसभर काहीच न काढता नुसती पाहत राहिली तरी चालेल. पाहणं हा चित्रकलेचा अर्धा अभ्यास आहे.

पुढे घरात दोन वह्या ठरल्या. एक परीक्षेची, ती सर तपासणार. दुसरी तिची, ती तिला न विचारता कुणीही उघडायची नाही. क्लास तीनावरून एका दिवसावर आणला. परीक्षेला बसायचं की नाही, हे तिच्यावर सोपवलं. दोन महिन्यांनी आई म्हणाली, “दुसरी वही भरत आलीय वाटतं. मी पाहिली नाही, पण जाड झालीय.” परीक्षेचा निर्णय मुलीने अजून घेतलेला नाही.

मात्र चित्रांबरोबर मैत्रिणी, खेळ, जेवण, झोप यांतूनही मन उडालं असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर रविवारच्या फेरीवर थांबू नका. मुलीला समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे घेऊन जा.