उंच मुलीने क्रूझर निवडताना

प्रिय मैत्रिणीस,

सप्रेम नमस्कार.

पाच फूट दहा इंच उंचीची मुलगी क्रूझर, म्हणजे खालच्या सीटची ऐसपैस मोटरसायकल, बघायला गेली की तिला हमखास ऐकायला मिळतं, ‘मॅडम, ही घ्या, सीट एकदम खाली आहे.’ बायकांना पाय टेकवायची अडचण येते, म्हणून सीट जितकी खाली तितकी गाडी सोयीची, हे गणित विकणाऱ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तुझी अडचण बरोबर उलटी आहे. तुझे पाय कुठल्याही क्रूझरवर टेकतील, पण चालवताना ते ठेवायचे कुठे? म्हणून सीटची उंची हा आकडा बाजूला ठेव आणि सीट ते फूटपेग (पेग, म्हणजे चालवताना पाय ठेवायची दांडी) हे अंतर बघ. ते माहितीपत्रकात सहसा छापलेलं नसतं. टेप घेऊन जा आणि सीटच्या सर्वांत खोल भागापासून फूटपेगच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत सरळ रेषेत मोज.

त्याआधी स्वतःची मापं घे. रायडिंगचे बूट घालून भिंतीला पाठ लावून उभी राहा, एक जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये घट्ट वर सरकव आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोज. मग खुब्यापासून गुडघ्यापर्यंत आणि गुडघ्यापासून तळव्यापर्यंत वेगवेगळं माप घे. शेवटी खांद्यापासून मुठीपर्यंत हात. एकाच उंचीच्या दोघींच्या पायांत चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज सापडतो. त्यामुळे ‘अमुक उंचीला अमुक गाडी’ अशा याद्यांवर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

ही मापं कशासाठी, ते बघ. समज, तुझी मांडी ४५ सेंटिमीटर आणि गुडघ्यापासून तळवा ५० सेंटिमीटर आहे. गुडघा काटकोनात असेल तेव्हा खुबा आणि तळवा यांच्यात साधारण ६७ सेंटिमीटर अंतर राहतं. ११० अंशांना ते ७८ होतं आणि १२० अंशांना ८२. म्हणजे आखडलेला गुडघा आणि मोकळा गुडघा यांच्यात ११ ते १५ सेंटिमीटरचा खेळ आहे. काटकोनापेक्षा कमी कोनात तासभर बसलीस की गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागतं, गुडघे खुब्यांपेक्षा वर जातात आणि मांड्या सीटवरून सुटतात. मग सगळा भार ढुंगणाच्या दोन हाडांवर येतो. लांब प्रवासासाठी ११० अंश किंवा थोडं जास्त हे धोरण ठेव.

आता गाड्यांकडे ये. होंडा रेबेल ५०० ची सीट ६९० मिलिमीटरवर आहे आणि फूटपेग मधोमध, जवळपास गुडघ्याखाली. दिसायला गोड गाडी, पण तुझे गुडघे टाकीच्या वर येतील. रॉयल एनफील्ड मीटिऑर ३५० ची सीट ७६५ वर आणि पेग पुढे आहेत, म्हणजे ती रेबेलपेक्षा उंच असूनही तुझ्या पायांना जास्त मोकळी. सुपर मीटिऑर ६५० मध्ये सीट ७४० वर आहे, पेग पुढेच, पण वजन २४१ किलो. कावासाकी व्हल्कन एस ची सीट ७०५ वर आहे, तरी ती आवर्जून बघ. तिचे पेग तीन जागी बसवता येतात, मधल्या जागेपासून २५ मिलिमीटर पुढे किंवा मागे, आणि लांब पायांसाठी वेगळी सीटही मिळते. ट्रायम्फ रॉकेट ३ बघितलीस तर एक गोष्ट छान कळते. इंजिन तेच, पण आर मॉडेलमध्ये सीट ७७३ वर आणि पेग मधे, तर जीटीमध्ये सीट ७५० वर आणि पेग पुढे. दोन्हींवर पाच-पाच मिनिटं बसलीस की तुझ्या शरीराला काय हवंय ते तिथेच समजेल. पहिली गाडी म्हणून मात्र ती घेऊ नकोस, वजन तीनशे किलोच्या घरात जातं.

पेग पुढे म्हणजे आराम, असा समज पसरलाय. तो अर्धाच खरा आहे. पाय पुढे गेले की पायांवर भार घेता येत नाही. खड्डा आला तर ढुंगण उचलता येत नाही आणि दणका थेट माकडहाडातून कण्यात जातो. त्यात हँडलही लांब असेल तर पाठीची कमान होते आणि कंबर मागे कलते. म्हणून रस्ते खराब असतील तर मधले पेग आणि उंच सीट ही जोडी मी वरची मानते. सरळ लांब रस्त्यांवर फिरायचं असेल तर पुढचे पेग चालतील, पण मग हँडल तुझ्याकडे ओढलेलं हवं.

गाडीत बदल करून घेतानाही हाच हिशोब लागतो. पेग मधे असतील तर सीट २५ मिलिमीटर उंच केल्यावर गुडघा साधारण ४ अंशांनी उघडतो. पेग पुढे असतील तर सीट उंच करून फारसं काही हाती लागत नाही, तिथे तू मागे सरकायला हवीस. आणि नेमकं तेच क्रूझरची सीट करू देत नाही. चालवणाऱ्याची जागा वाटीसारखी खोलगट असते आणि तिच्या मागे उंचवटा. मांडी लांब असली की हा उंचवटा तुला सतत पुढे ढकलत राहतो. सीट बनवणाऱ्याला स्पष्ट सांग: उंचवटा ४ ते ५ सेंटिमीटर मागे घे, तळ सपाट ठेव, मागे उतार नको, आणि दोन्ही हाडं पूर्ण टेकतील इतकी रुंदी दे. बायकांची ही दोन हाडं सर्वसाधारणपणे जास्त अंतरावर असतात. अरुंद सीटवर ती कडेला लटकतात, म्हणून मऊ फोम घालूनही दुखणं जात नाही. फोम जरा कडकच घे. मऊ फोम दाबला जाऊन खालचा पत्रा टोचायला लागतो, आणि ते दहा मिनिटांच्या चाचणीत कळत नाही.

हँडल वर किंवा मागे आणायला रायझर मिळतात. ते बसवल्यावर पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळव. क्लचची वायर आणि ब्रेकचा पाइप ताणले जाता कामा नयेत. मग गाडी न्यूट्रलला सुरू करून पुन्हा तेच कर. हँडल वळवल्यावर रेस आपोआप वाढली तर ॲक्सिलरेटरची वायर आखूड पडतेय. अशी गाडी रस्त्यावर काढू नकोस, यू-टर्न घेताना ती तुला पुढे फेकेल. पूर्ण वळवलेलं हँडल तुझ्या गुडघ्याला लागत नाही ना, हेही तेव्हाच बघ. उंच मुलींच्या बाबतीत हे बऱ्याचदा राहून जातं.

पेगची जागा बदलली की गिअर लिव्हर आणि ब्रेक पॅडल नव्याने जुळवावे लागतात. गिअरच्या रॉडला दोन्ही टोकांना लॉकनट असतात आणि त्यातल्या एकाचे आटे बऱ्याच गाड्यांत उलटे असतात. सैल होत नाही म्हणून जोर लावण्याआधी दिशा तपास. लिव्हर अशा उंचीवर आण की घोटा न वाकवता बुटाचं टोक त्याखाली जाईल. ब्रेक पॅडल खाली-वर केलंस तर त्याला थोडी मोकळी चाल राहिली पाहिजे, नाहीतर मागचा ब्रेक चिकटून तापत राहील. मागच्या ब्रेकच्या दिव्याचा स्विचही पुन्हा जुळव. पेग बरेच पुढे नेलेस तर गिअरचा रॉड आणि मागच्या ब्रेकचा पाइप दोन्ही लांब लागतात, आणि पाइप बदलला की ब्रेकमधली हवा काढून घ्यावी लागते.

मागचे शॉकॲब्सॉर्बर लांब बसवून गाडी उंच करायचा सल्ला कुणी दिला तर थांब. मागची बाजू उचलली की हँडल चंचल होतं आणि साइड स्टँडवर गाडी जास्त कलते. आहेत त्याच शॉकॲब्सॉर्बरचा ताण आधी जुळवून घे. तू पूर्ण पोशाखात बसल्यावर मागचं चाक वर-खाली होण्याच्या एकूण चालीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकं दबलं पाहिजे. उंच असूनही तुझं वजन कमी असेल तर स्प्रिंग सैल करावी लागेल.

वाऱ्याचा त्रास उंच माणसाला वेगळा होतो. विंडस्क्रीनवरून उसळलेला वारा नेमका हेल्मेटवर आदळतो आणि डोकं थडथडायला लागतं. चालू गाडीवर पाच सेंटिमीटर खाली वाक. थडथड थांबली तर स्क्रीन तेवढी उंच हवी. उंच स्क्रीन मिळत नसेल तर ती काढून टाकून बघ. साधा सरळ वारा छातीवर घेणं पुष्कळांना कमी त्रासाचं जातं.

चाचणी निदान चाळीस मिनिटांची माग, आणि पूर्ण पोशाखात जा. वळणावर उजवा गुडघा एअर फिल्टरच्या डब्याला लागतो का, पोटरी सायलेन्सरला भाजते का, थांबताना पेग नडगीला आपटतो का, टाच मागच्या पेगवर अडते का, हे एकेक करून बघ. मग गाडी बंद करून, गिअर काढून, बसल्या बसल्या पायांनी तीन मीटर मागे ने. गुडघे फार वाकलेले असले की पायात जोर येत नाही, आणि खूप खालची सीट उंच मुलीला इथेही नडते.

पोशाखाचं एकच सांगते. पँट गाडीवर बसून घालून बघ. उभं असताना बरोबर दिसणारं गुडघ्याचं पॅड बसल्यावर वर सरकून मांडीवर जातं आणि पँटचा घोळ बुटाच्या वर येतो. बायकांच्या मापात लांबी मिळाली नाही तर पुरुषांची लांब पँट घेऊन कंबरेत बारीक करून घे, पण पॅडचा खिसा गुडघ्यासमोर आहे ना, ते आधी तपास.

मापं घेतलीस की आकडे पाठव, आणि ज्या दोन-तीन गाड्या मनात आहेत त्यांचं सीट ते पेग अंतरही. सीटचा नमुना कसा कापायचा ते त्यावरून ठरवू.

तुझी,
मावशी