गावातल्या टीव्हीवर ओटीटीचं लॉगिन: बाबांच्या नंबरावर, ईमेलवर की गूगलवर?

तुमचा प्रश्न असा: आईबाबा दारव्ह्याजवळच्या खेड्यात, तुम्ही पुण्यात, नवा स्मार्ट टीव्ही आलाय, सबस्क्रिप्शनचं लॉगिन कशावर ठेवावं?

आधी पॅक कुठून येतोय ते पाहा. मोबाईलच्या रिचार्जसोबत मिळत असेल तर बऱ्याच ॲपांत निवडायला काही उरतच नाही. रिचार्ज ज्या नंबरावर, लॉगिनही त्याच नंबरानं. दुसरा नंबर टाकला की नवं रिकामं खातं उघडतं आणि टीव्ही पुन्हा पैसे मागतो. 'पैसे कटले पण पॅक दिसत नाही' म्हणतात ते बऱ्याचदा हेच.

पैसे वेगळे भरणार असाल आणि ॲप ईमेल घेत असेल, तर मी ईमेल-पासवर्डच सांगेन, तोही तुमच्या ईमेलवर. ओटीपीचं गावात असं होतं: टीव्ही खालच्या खोलीत, टॉवर सापडतो स्लॅबवर. मेसेज येईपर्यंत मुदत संपते. मग 'पुन्हा पाठवा' दोन-तीनदा दाबलं जातं, तीन मेसेज एकदम पडतात, आणि बाबा वरचा पहिला आकडा टाकतात. चालतो सहसा फक्त शेवटचा. शिवाय बाबांचं कार्ड रिचार्जविना राहिलं तर काही दिवसांनी येणारे मेसेजही थांबतात. ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. सिम हरवून त्याच नंबराचं नवं काढलं, तर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. त्या दिवशी लॉगिनचा नाद सोडा.

'गूगलने साइन इन' बाबांच्या जीमेलवर तर नकोच. ते जीमेल बहुधा फोन घेताना दुकानातच काढून दिलेलं असतं. पासवर्ड ना बाबांना माहीत, ना दुकानदाराला आठवत. फोन बदलला की खातं गेलं.

पासवर्ड रिमोटनं एकेक अक्षर टिपत बसू नका. टीव्हीवरच्या बहुतेक ॲपमध्ये कोडनं किंवा क्यूआरनं लॉगिन करायचा पर्याय असतो. बाबांनी कोड फोनवर वाचून दाखवायचा, तुम्ही पुण्यातून ॲपच्या साइटवर लॉगिन करून तो टाकायचा. नेटफ्लिक्सचा कोड आठ आकडी असतो. 'नेटफ्लिक्स डॉट कॉम', तिरकी रेघ, 'टीव्ही ८' या पत्त्यावर तो भरतात. कोड काही मिनिटंच चालतो, म्हणून आधी फोन जोडा, मग कोड काढायला सांगा. समोरून दुसऱ्या कुणी फोन करून कोड मागितला तर द्यायचा नाही, हे आईलाही सांगून ठेवा.

एकदा लॉगिन झालं की टीव्ही बंद-चालू केल्यानं ते जात नाही. लाईट गेली आणि आल्यावर ॲप 'कनेक्शन नाही' म्हणत असेल, वायफाय मात्र ठीक असेल, तर टीव्हीची तारीख बघा. काही टीव्ही तारीख विसरतात, आणि चुकीच्या तारखेवर ॲपला सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करता येत नाही. सेटिंगमध्ये तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' करा. आधीच घाईनं फॅक्टरी रीसेट मारलं तर सगळी लॉगिनं पुन्हा करावी लागतात.

पासवर्ड कागदावर लिहून सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवा. ती फाइल घरात कधी हरवत नाही.

आणि नेटफ्लिक्सच घेणार असाल तर तुमचं पुण्यातलं खातं गावच्या टीव्हीवर टाकायचा बेत सोडा. जुलै २०२३ पासून भारतात एक खातं एका घरापुरतंच आहे, आणि ते घर टीव्हीच्या इंटरनेट जोडणीवरून ओळखलं जातं. गावासाठी वेगळंच खातं काढावं लागेल.